चार संगणकांचे कार्यालय मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर नेताना: आधी माहिती, मग प्रोग्रॅम, सर्वांत शेवटी लिनक्स

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून नियमितपणे मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मुदतवाढीची सोय आहे, पण ती तात्पुरतीच आहे. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर असलेली बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे कर सल्लागार, वकील, डीटीपी करणारे आणि गृहनिर्माण संस्थांचे सचिव यांच्याकडची, अजून काही वर्षे सहज चालतील अशी यंत्रे एकाएकी अडगळीच्या वाटेला लागली आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो "लिनक्स टाकू का?" हा, म्हणजे विंडोज काढून लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली बसवू का. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. एका कर सल्लागाराचे चार संगणकांचे कार्यालय आणि स्वतःचे घर या दोन्ही ठिकाणी हे काम केल्यानंतर मी जो क्रम योग्य मानतो, तो पुढे सविस्तर दिला आहे. उदाहरणे कार्यालयाची असली, तरी घरातल्या एका लॅपटॉपलाही हाच क्रम लागू पडतो.

वही घेऊन बसणे

संगणकाला हात लावण्याआधी एका वहीत यादी करावी. कोणती माहिती आहे, ती कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ती हरवली तर काय होईल आणि ती बाहेर फुटली तर काय होईल, एवढे चार रकाने पुरतात. शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवावेत, कारण हरवणे आणि फुटणे हे दोन निराळे धोके आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे आहेत. मुलीच्या बारशाचे फोटो हरवले तर परत मिळणार नाहीत, पण ते कोणी पाहिले म्हणून फारसे बिघडत नाही. अशिलांच्या आधार आणि पॅनच्या प्रती मात्र हरवल्या तर पुन्हा मागवता येतात, पण फुटल्या तर त्यांच्या नावावर कोण काय करील याचा नेम नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान कार्यालयावर एवढा दंड होईल असे कोणी समजू नये, पण दुसऱ्याची माहिती आपल्याकडे असणे ही जबाबदारी आहे, हे त्या आकड्यावरून कळते. शिवाय जीएसटीच्या हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणजे आजची फाइल सहा वर्षांनंतरही उघडली पाहिजे.

यादी करताना डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर आधी पाहावेत, कारण खरे काम बहुधा तिथेच साचलेले असते. त्यानंतर टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा फोल्डर, ईमेलच्या संगणकावर उतरलेल्या प्रती, व्हॉट्सॲपवर आलेली आणि तिथेच राहिलेली कागदपत्रे आणि खणातले पेनड्राइव्ह पाहावेत.

त्याच वहीच्या मागच्या पानावर लिनक्सवर न चालणाऱ्या किंवा त्रास देणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. टॅली प्राइम विंडोजसाठीच बनवलेले आहे. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आणि त्यासोबतची सही करण्याची साधने विंडोजवर बिनतक्रार चालतात, लिनक्सवर त्यांचा भरवसा नसतो. आधारसाठी अंगठा घेणारी उपकरणेही याच वर्गात मोडतात. प्रिंटरचा अनुभव संमिश्र आहे: एचपीचे बहुतेक प्रिंटर सरळ चालतात, पण आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० साठी कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना घाम फुटतो. ही यादी पाहून माझा निर्णय असा झाला की एक यंत्र विंडोज ११ वर ठेवावे, त्यावर टॅली, सहीचे टोकन आणि लिनक्सवर न चालणाऱ्या मोजक्याच गोष्टी चालवाव्यात, आणि उरलेली तीन यंत्रे मोकळी करावीत. सगळे काही एका दिवशी बदलण्याचा हट्ट धरणारे आठवड्याभरात मागे फिरतात, असे मी पाहिले आहे.

काहीही बदलण्याआधीची प्रत

एक टीबीच्या दोन बाह्य डिस्क विकत घ्याव्यात. या सबंध उपक्रमात खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा तीन-दोन-एकचा नियम छायाचित्रकारांच्या जगातून रूढ झाला आणि तो लहान कार्यालयाला अगदी नेमका बसतो. पहिली प्रत म्हणजे रोजच्या कामाची, दुसरी कार्यालयातल्या डिस्कवरची आणि तिसरी मालकाच्या घरातल्या कपाटातली.

यादीतला प्रत्येक फोल्डर दोन्ही डिस्कवर उतरवावा, आणि शक्य असल्यास क्लोनझिला या मुक्तस्रोत साधनाने प्रत्येक यंत्राच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन ठेवावी, म्हणजे काही बिनसलेच तर यंत्र कालच्या स्थितीत परत आणता येते. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या यंत्राला जोडून दहा-बारा फाइली उघडून पाहाव्यात. ही सूचना बाळबोध वाटेल, पण माझ्या घरी सुमारे वर्षभर दर महिन्याला नेमाने घेतलेल्या प्रतीत फोटोंऐवजी फोटोंच्या फोल्डरचा शॉर्टकट तेवढा उतरत होता, आणि तो उघडल्यावर मूळ यंत्रावरचेच फोटो दिसत असल्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क ही प्रत नसून त्याच संगणकाचा एक भाग असतो, आणि खंडणीखोर सॉफ्टवेअर मूळ फाइलींबरोबर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करते. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या संगणकी विषाणूने न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले होते. तो विषाणू मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून शिरला होता. हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कोणीही ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: वापरणाऱ्यांची काही चूक नव्हती, आणि पैसे भरून घेतलेले अधिकृत सॉफ्टवेअरच वाट ठरले.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, आणि अभेद्यही नव्हे

इथे थोडे थांबून एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे लहान कार्यालयांत सॉफ्टवेअर फुकटच असते, कारण "आमचा माणूस येतो आणि सगळे टाकून देतो." त्या माणसाने आणलेला क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय प्रोग्रॅम चालवून देणारी फाइल, चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि अशिलांची कागदपत्रे असलेल्या यंत्राचे दार अनोळखी माणसासाठी उघडे राहते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्या अर्थाने फुकट नाही. ते वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची परवानगी त्याच्या परवान्यातच दिलेली असते.

मुक्तस्रोत आहे म्हणून ते सुरक्षितच आहे, हेही खरे नाही. २०१४ मध्ये इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या साधनातील हार्टब्लीड या त्रुटीने जगभरातले सर्व्हर उघडे पडले, आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या साधनात कोणीतरी दीर्घकाळ विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवल्याचे उघडकीस आले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, आणि स्रोत खुला असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले. मला मुक्तस्रोताचा सर्वांत मोठा लाभ वाटतो तो फाइलींच्या स्वरूपात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसला पर्याय असलेल्या लिब्रऑफिसचे ओपन डॉक्युमेंट हे स्वरूप २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाण आहे. त्याचा तपशील कोणालाही वाचता येतो, म्हणून ते स्वरूप एखाद्या कंपनीच्या मर्जीवर किंवा तिच्या आयुष्यावर अवलंबून नाही. ७२ महिन्यांचा हिशेब करणाऱ्याने या मुद्द्याला पहिले स्थान द्यावे.

विंडोजवरच प्रोग्रॅम बदलणे

प्रती सुरक्षित झाल्या की विंडोज तसेच ठेवून त्यावर लिब्रऑफिस, वेबसाठी फायरफॉक्स, ईमेलसाठी थंडरबर्ड आणि व्हिडिओसाठी व्हीएलसी बसवावेत, आणि ते त्यांच्या मूळ संकेतस्थळांवरूनच घ्यावेत, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावरून नव्हे. साधारण एक महिना रोजचे काम यांवरच करावे. माणसांना अडचण वाटते ती नव्या प्रोग्रॅमची. तो सवयीचा झाला की खालची प्रणाली बदलल्याचे त्यांना फारसे जाणवत नाही.

या महिन्यात तीन नियम ठरवून घ्यावेत. कार्यालयात राहणाऱ्या फाइली ओपन डॉक्युमेंट स्वरूपात जतन कराव्यात, बाहेर फक्त वाचायला जाणारी पत्रे पीडीएफ करून पाठवावीत, आणि समोरच्याला बदल करायचे असतील तरच डॉक्स किंवा एक्सएलएसएक्स स्वरूप वापरावे. पानांची मांडणी बिघडण्यामागे बहुधा फाँट असतो; कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया हे त्याच मापाचे मुक्त फाँट असले, की ओळी जागच्या जागी राहतात. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, असलेल्या एक्सेल फाइली मात्र एकेक करून तपासाव्यात आणि ज्या चालत नाहीत त्या टॅलीच्या विंडोज यंत्राकडे सोपवाव्यात.

मराठी मजकुराची सुटका

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयाला सर्वांत जास्त वेळ लागतो तो या पायरीवर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ठराव, इतिवृत्ते आणि करारनामे बहुधा श्री-लिपी, कृतिदेव किंवा सुरेखसारख्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत) रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये टंकलेले असतात. अशा फाइलीत मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार बसवलेले असतात, आणि तो विशिष्ट फाँट यंत्रावर नसला की "अर्ज" च्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसते. या फाइलीत शोध घेता येत नाही आणि नावे अकारविल्हे लावता येत नाहीत. लिनक्सवर गेल्यावर "फाइली बिघडल्या" अशी ओरड होते, तेव्हा बिघाड झालेला नसतो. तो पहिल्यापासून होता, फक्त फाँटने झाकलेला होता.

म्हणून विंडोज हाताशी असतानाच हे काम उरकावे. आधी प्रत्येक जुन्या फाइलीची पीडीएफ काढावी, म्हणजे कागद जसा दिसत होता तसा कायमचा राहील. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलावा. त्यासाठी फाँटनिहाय परिवर्तक मिळतात, पण अशिलाचे मृत्युपत्र अनोळखी संकेतस्थळावरच्या चौकटीत चिकटवू नये. काही परिवर्तक एकाच वेबपानात सामावलेले असतात. ते पान संगणकावर उतरवून, इंटरनेट बंद करून वापरता येते, आणि तसेच वापरावे.

बदललेला मजकूर डोळे मिटून स्वीकारू नये. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जात असे आणि रफार अक्षरानंतर, त्यामुळे परिवर्तनात चुका नेमक्या तिथेच होतात. मी चाचणीसाठी "विद्यार्थ्यांच्या", "कर्त्यांनी", "निश्चिती", "हृदय", "ज्ञानक्षेत्र", "दर्या" आणि "दऱ्या" असे शब्द असलेला एक परिच्छेद जुन्या फाँटमध्ये टंकून ठेवला आहे आणि प्रत्येक परिवर्तक आधी त्यावर चालवून पाहतो. शेवटच्या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हिंदीचा विचार करून बनवलेल्या परिवर्तकाला दऱ्यांतला ऱ्य ठाऊकच नसतो आणि डोंगरदऱ्यांचा समुद्र होतो.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. "ॲ" हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच अ आणि त्यावरची चंद्राची खूण अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. दोन्ही दिसायला सारखी, पण काही ठिकाणी शोध घेताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही, त्यामुळे "ॲड." लिहिलेले निम्मे वकील यादीतून गायब होतात. कार्यालयाने एक पद्धत ठरवून दुसरी शोधून-बदलून टाकावी. रोजच्या टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकावा असे माझे मत आहे, कारण तो विंडोज, लिनक्स आणि फोन अशा सर्व ठिकाणी सारखाच मिळतो आणि त्यात शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो. फाँटसाठी मुंबईच्या एक टाइपने बनवलेला मुक्त परवान्याचा "मुक्त" (Mukta) नावाचा फाँट किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी घ्यावा.

पासवर्डची एक्सेल फाइल

जवळजवळ प्रत्येक कर सल्लागाराच्या डेस्कटॉपवर एक एक्सेल फाइल असते, तीत सगळ्या अशिलांची प्राप्तिकर आणि जीएसटी खात्यांची नावे व पासवर्ड असतात, आणि तिचे नाव "पासवर्ड" असेच असते. या लेखातली एकच पायरी करायची असेल, तर त्या फाइलीचा बंदोबस्त करावा.

किपास-एक्ससी हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम सर्व पासवर्ड एका कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, फाइलीत ठेवतो आणि ती फाइल कोणाच्या सर्व्हरवर न जाता आपल्याच यंत्रावर राहते. एक्सेलमधली यादी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून त्यात आयात करता येते. आयात झाल्यावर एक्सेल आणि सीएसव्ही या दोन्ही फाइली पुसाव्यात, आणि आधी घेतलेल्या बाह्य प्रतींमधूनही पुसाव्यात, हे बहुतेक जण विसरतात.

या तिजोरीची एकमेव किल्ली म्हणजे मुख्य परवलीचे वाक्य. ते स्वतःच्या डोक्यातून न काढता, किपास-एक्ससीमधल्या शब्दजुळणीच्या सोयीने ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द यादृच्छिक निवडून घ्यावेत. त्यांच्या शक्य जुळण्यांची संख्या २२ पुढे २२ शून्ये इतकी होते, तर गावाचे नाव, अॅटचे चिन्ह आणि १२३ अशा पासवर्डला अंदाजाने गाठणे अवघड नसते. हे वाक्य कागदावर लिहून लखोटा बंद करावा आणि बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भागीदाराकडे ठेवावा, कारण ते विसरल्यास पुन्हा मिळवून देणारे कोणतेही केंद्र नाही.

आता लिनक्स

लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंटची मी शिफारस करतो, कारण त्याची मांडणी विंडोज वापरलेल्याला ओळखीची वाटते आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडावी. आठ जीबी असेल तर नेहमीची सिनॅमन आवृत्ती छान चालते. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून २४० जीबीची एसएसडी बसवावी. प्रणाली बदलण्यापेक्षाही या बदलाने यंत्र जास्त तरतरीत होते, आणि काढलेली जुनी डिस्क आपोआपच आणखी एक प्रत ठरते.

मिंट बसवण्यासाठीची आयएसओ फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलीवरून काढलेला ओळखक्रमांक, मूळ संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी ताडून पाहावा, मगच ती पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केल्यावर मिंट लगेच बसवण्याची गरज नसते. डिस्कला हात न लावता ते तसेच चालवून पाहता येते. या अवस्थेत वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी टंकलेखन तपासावे, आणि वहीच्या मागच्या पानावरच्या यादीवर खुणा कराव्यात. एखादी गोष्ट चालत नसेल, तर तिथेच थांबून तोडगा शोधावा.

बसवताना एका पडद्यावर प्रगत पर्यायांत संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याची सोय दिसते. ती निवडावी, विशेषतः लॅपटॉपवर. मग यंत्र चोरीला गेले तर चोराच्या हाती यंत्र लागते, अशिलांची कागदपत्रे लागत नाहीत. तिचाही परवलीचा शब्द त्याच लखोट्यात जावा. ही सोय नंतर लावणे कटकटीचे असते, म्हणून आत्ताच निर्णय घ्यावा. टॅलीच्या यंत्रावर विंडोजची प्रो आवृत्ती असल्यास, लिनक्सवरून रेमिना या प्रोग्रॅमद्वारे त्याचा पडदा आपल्या जागेवर उघडता येतो आणि खुर्चीवरून उठावे लागत नाही.

रोजची शिस्त

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे साधन आधीपासून असते, आणि त्याने फार जणांची फसगत होते. ते प्रणालीच्या फाइलींचे टिपण घेते. आपली कागदपत्रे मुळात त्यात धरलेली नसतात. कागदपत्रांसाठी डेजा-डूप हे प्रती घेणारे साधन बसवावे, त्यात होम फोल्डर निवडावा, परवलीचा शब्द देऊन प्रत कूटबद्ध ठेवावी आणि जुन्या आवृत्त्या किमान एक वर्ष जपण्याचा पर्याय घ्यावा. जुन्या आवृत्त्यांचे महत्त्व असे की मार्चमध्ये चुकून पुसलेली फाइल बहुधा जुलैमध्ये आठवते.

दोन डिस्कना आम्ही "सम" आणि "विषम" अशी नावे दिली आहेत. दर शुक्रवारी सायंकाळी आठवड्याच्या क्रमांकाप्रमाणे एक डिस्क कार्यालयात येते आणि दुसरी घरी जाते. सिंकथिंगसारखी दोन यंत्रांवरच्या फाइली सारख्या ठेवणारी साधने उपयुक्त आहेत, पण त्यांना प्रत मानू नये: एका बाजूला फाइल पुसली की दुसऱ्या बाजूलाही ती इमानाने पुसली जाते. क्लाउडवर काही ठेवायचेच असेल, तर ते क्रिप्टोमेटर या साधनाने कूटबद्ध करून मगच चढवावे.

दर तीन महिन्यांनी एका अशिलाचा दोन महिन्यांपूर्वीचा फोल्डर बाह्य डिस्कवरून, मूळ यंत्र न वापरता, दुसऱ्याच यंत्रावर परत आणावा, त्यातल्या फाइली उघडाव्यात आणि वहीत तारीख टाकून सही करावी. पहिल्या वेळी आम्हाला यासाठी अख्खी दुपार लागली, कारण परवलीचा शब्द ज्याला ठाऊक होता तो माणूस गावाला गेला होता आणि लखोटा अजून तयारच केलेला नव्हता.

जुन्या डिस्क भंगारात देताना

फाइल पुसली आणि रिसायकल बिन रिकामे केले, तरी माहिती डिस्कवर राहते. फिरत्या हार्ड डिस्कवर एनवाइप या साधनाने एकदा संपूर्ण लेखन केले की ती विकायला हरकत नाही. एसएसडीवर हा उपाय विश्वासाचा नाही, कारण तिचा नियंत्रक लेखन वेगवेगळ्या जागी फिरवत राहतो आणि काही भाग तसाच राहू शकतो. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी, आणि ती पहिल्या दिवसापासून कूटबद्ध असेल तर चिंता आणखी कमी होते. मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही अनेकदा हार्ड डिस्क असते आणि तीत कागदांच्या प्रतिमा साठलेल्या असू शकतात. भाड्याचे यंत्र परत करताना ती पुसून दिल्याची लेखी पावती मागावी.